विदूराहून निघालेला शब्द

आमच्या घरी एका लाकडी कपाटात दोन वस्तू शेजारी शेजारी असत. एक आजीचा हातआरसा, पितळी दांड्याचा, कडेला पैलू पाडलेल्या जाड काचेचा. त्याला घरात सगळे बिलोरी आरसा म्हणत. दुसरी आजोबांची अंगठी. तिच्यातला मधाच्या रंगाचा खडा दिव्याखाली धरून बोट जरा हलवलं की त्यावरची पांढरी रेघ एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकायची, मांजराच्या डोळ्यातल्या बाहुलीसारखी. आजी त्याला लसण्या म्हणायची. सराफाच्या पिवळ्या पडलेल्या पावतीवर मात्र शाईनं 'वैडूर्य' लिहिलेलं होतं. बिलोरी आणि वैडूर्य ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत, एक इथंच राहिलेलं आणि एक इराणकडून फिरून आलेलं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला, आणि मग मी त्याच्या मागे गेलो. तो प्रवास या पुस्तकात आहे.

नवरत्नांची नावं आपण एका दमात म्हणून टाकतो, नावाकडे पाहत नाही. पाहिलं तर त्यांतली बरीच खड्याच्या रूपावरून पडलेली दिसतात. निळा म्हणून नीलम. सोललेल्या लसणीच्या पाकळीची आठवण करून देतो म्हणून लसण्या. गोमेद या नावात तर गाईची चरबी आहे. जुन्या रत्नपारख्यांना त्याचा पिवळसर तुकतुकीतपणा तसा वाटला. वैडूर्य मात्र या रांगेत बसत नाही. त्याच्या नावात रंग नाही, एक गाव आहे. निदान पाणिनीचं म्हणणं तसं आहे.

अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात 'तिथून उगम पावणारा' या अर्थाचे प्रत्यय सांगितले आहेत. हिमवतातून उगम पावते ती हैमवती, म्हणजे गंगा. त्याच ओघात एक चिमुकलं सूत्र येतं: विदूर या शब्दाला प्रत्यय लागून जो शब्द होतो तो त्या रत्नाचं नाव. विदूरात उगम पावतो तो वैदूर्य. सूत्र इथंच संपतं. पण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजली या सूत्रापाशी थांबला आणि त्यानं हरकत घेतली. हा मणी विदूरात उगम पावतच नाही, असं महाभाष्यात त्यानं मांडलं. तो निघतो वालवाय नावाच्या डोंगरात. विदूरात त्याच्यावर संस्कार होतात. खाण एकीकडे, कारागीर दुसरीकडे, आणि नाव लागलं ते कारागिरांच्या गावाचं.

व्याकरणाच्या ग्रंथात अवचित आलेली ही पेठेतली माहिती मला सबंध शोधात सर्वांत मोलाची वाटते. प्रत्ययाची चर्चा करणाऱ्या माणसाला दगड कुठं खणतात आणि कुठं घासतात हे ठाऊक होतं. पुढे तो तोडगाही काढतो: वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणत असतील, जसे व्यापारी आपापसांत वाराणसीला जित्वरी म्हणतात. म्हणजे एका धंद्यातल्या लोकांनी एखाद्या ठिकाणाला आपलं वेगळं नाव ठेवावं, ही रीत तेव्हाही होती. आणि वस्तू एका गावची, नाव दुसऱ्या गावाचं, हे तर आपल्याला सांगायलाच नको. येवल्याच्या मागावर विणलेलं लुगडं पैठणीच राहतं.

महाभाष्याचा हा भाग मी वाचू शकलो तो पुण्यातल्या दोन पिढ्यांच्या कष्टांमुळे, आणि ते ऋण इथंच नोंदवतो. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रांट्स कीलहॉर्न यांनी महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १८८० ते १८८५ या काळात ती मुंबई संस्कृत ग्रंथमालेत तीन खंडांत निघाली. त्यानंतर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सबंध महाभाष्य मराठीत आणलं. माझं संस्कृत तोकडं आहे. शास्त्रीबुवांच्या भाषांतराचं बोट धरूनच मी विदूरापर्यंत पोचलो.

पोचलो म्हणजे शब्दापर्यंत. गाव अजून पुढंच होतं. संस्कृतात विदूर म्हणजे खूप लांब. रत्न लांबून येतं, म्हणून लांबच्या गावावरून नाव. जुळतं खरं, पण जरा जास्तच नीट जुळतं. भाषेच्या अभ्यासकांना उलटी वाट दिसते. शब्द आधी लोकांच्या तोंडी होता, पालीत वेळुरिय, जैन ग्रंथांच्या प्राकृतात वेरुलिय. संस्कृत पंडितांनी त्याला वैडूर्य, वैदूर्य असं सोवळं नेसवलं, आणि सोवळं नेसवल्यावर त्याचं कुळ सांगणं भाग पडलं. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं आहे, कारण वैडूर्याचं वेरुलिअ होणं नेहमीच्या नियमांत बसत नाही. बसणार कसं? मूल आधी जन्मलं होतं आणि बारशाचा कागद मागून झाला होता.

या सगळ्या घालमेलीत मला आपला ळ दिसतो. वेळुरिय मध्ये तो अगदी मधोमध आहे. अभिजात संस्कृतात ळ नाही, म्हणून तिथं त्याचा ड झाला, कुठं द झाला. ग्रीकांच्या कानाला ळ माहीत नाही. त्यांनी ल दुप्पट केला आणि बेरुल्लोस म्हटलं. अक्षरांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. ग्रीक शब्दात आधी र आणि मग ल, वेरुलिय सारखं. अरबी-फारसी बिल्लौर मध्ये आधी ल आणि मग र, वेळुरिय सारखं. एकाच शब्दाची ही दोन उच्चारणं आपल्या देशातच होती, आणि बाहेरही दोन्ही भेटतात. यावरून कोणत्या बंदरातून कोणतं रूप गेलं असा तर्क करण्याचा मोह होतो. तो मी आवरला आहे. बिल्लौर थेट इथून गेला की ग्रीकांमार्फत, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही; मूळ एकच, याबद्दल फारसा वाद नाही.

वेळुरिय तरी आला कुठून? बहुतेकांचं बोट दक्षिणेकडे जातं. तमिळमध्ये वेळ्ळै म्हणजे पांढरा, वेळ्ळि म्हणजे चांदी; कन्नडमध्ये बिळि आणि बेळ्ळि. फिका पडणे, पांढुरका होणे या अर्थाचे धातूही त्याच कुळातले. फिकट, निर्मळ, उजेड आरपार जाऊ देणारा दगड, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो खड्याला शोभतो. काहींनी होयसळांच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या बेलूरशी नातं जोडलं आहे. मराठी माणसाला आणखी एक भूल पडते ती वेळूची. वेळुरिय ऐकलं की बांबूचं बन डोळ्यांपुढे येतं, आणि जुन्या ग्रंथांत या रत्नाच्या रंगाला बांबूची उपमाही आहे. मी या वाटेनं बराच काळ चाललो. पण उपमा म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, म्हणून माघारी फिरलो. बांबूचा हिरवा रंग मात्र मनात राहिला, आणि पुढं कामाला आला.

कारण प्राचीन वैडूर्य म्हणजे आजोबांच्या अंगठीतला लसण्या नव्हे. तो बेरिल. हे ठसवण्यासाठी पुस्तकाची दोन प्रकरणं खर्चली आहेत, इथं फक्त पुरावे दाखवतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यायच्या रत्नांच्या परीक्षेचं प्रकरण आहे. तिथं वैडूर्याचे प्रकार रंगावरून मोजले आहेत: निळ्या कमळाचा, शिरीषाच्या फुलाचा, पाण्याचा, बांबूचा, पोपटाच्या पिसाचा. पुष्यराग आणि गोमेदक हे देखील त्याच यादीत वैडूर्याचे प्रकार म्हणून आले आहेत. आज ती दोन वेगळी रत्नं आहेत. एका कुळात पाण्यापासून पोपटापर्यंत रंग असावेत, हे बेरिलचंच लक्षण. पाण्याच्या रंगाच्या बेरिलला युरोपनं अ‍ॅक्वामरीन म्हणजे समुद्राचं पाणी हे नाव दिलं. कौटिल्याच्या यादीत तो उदकवर्ण आहे. दोन टोकांच्या दोन पारख्यांनी एकच खडा उजेडात धरला आणि दोघांना पाणीच आठवलं.

दुसरा पुरावा कालिदासाचा. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात, पार्वती जन्मते तेव्हा, तिच्या तेजानं शोभणाऱ्या आईला त्यानं विदूरच्या भूमीची उपमा दिली आहे. पहिल्या मेघांच्या गडगडाटानं त्या भूमीतून रत्नांचा अंकुर फुटतो, असा संकेत आहे. तिथं कवीनं वापरलेला शब्द शलाका आहे, म्हणजे काडी, कांडी. मी हा श्लोक शाळेपासून ऐकत होतो आणि शलाका ही छंदाची सोय समजत होतो. मग एकदा एका संग्राहकाकडे मला कच्चा बेरिल हातात घ्यायला मिळाला. करंगळीएवढा लांब, सहा बाजूंचा, सरळ, फिकट हिरवा, उभ्या बारीक रेघांचा, आणि पांढऱ्या दगडाच्या ढेपेतून वर आलेला. मातीतून कोंब यावा तसाच. त्या दिवशी कालिदासाचा शब्द मला डोळ्यांनी दिसला. लसण्याचे कच्चे खडे बहुधा नदीच्या गाळात गोटे होऊन सापडतात. त्यांना शलाका कोण म्हणेल?

तिसरा पुरावा मला सगळ्यांत प्रिय. दीघनिकायाच्या सामञ्ञफलसुत्तात बुद्धांनी शुद्ध झालेल्या चित्ताबद्दल बोलताना एक दृष्टांत दिला आहे. एक वेळुरिय मणी आहे, उत्तम घडवलेला, आठ पैलूंचा, स्वच्छ. त्यातून एक दोरा ओवला आहे, निळा किंवा पिवळा, तांबडा किंवा पांढरा. डोळस माणूस तो मणी हातावर घेतो आणि त्याला मणीही दिसतो आणि आतला दोराही दिसतो. ज्यांनी हा दृष्टांत ऐकला त्यांना वेळुरिय म्हणजे काय हे सांगावं लागलं नसणार. आरपार दिसतं ते वेळुरिय. लसण्यातून आरपार दिसत नाही. त्याची सगळी शोभा उजेड आत अडण्यात आहे.

आता गाव. तमिळनाडूत इरोड जिल्ह्यात नोय्यल नदीच्या उत्तर काठाला कोडुमणल नावाचं खेडं आहे. संगम साहित्यात त्याचं नाव कोडुमणम असं येतं, रत्नांच्या कामासाठी वाखाणलेलं. १९८० च्या दशकापासून तिथं उत्खननं झाली आणि बेरिल, स्फटिक, अकीक यांचे अर्धवट घडवलेले मणी, कपच्या, कच्चे तुकडे मिळाले. बेरिलची खाण तिथून फार दूर नाही, कांगेयमजवळ पडियूरला; तिथं १९ व्या शतकाच्या सुरुवातीलाही काही काळ खणती झाली होती. खाण एका गावी, घडणावळ दुसऱ्या गावी. पतंजलीची हरकत मला इथं जमिनीवर उमटलेली दिसते. कोडुमणल म्हणजेच विदूर असा दावा मी करत नाही. त्याला आधार नाही. पण विदूर जे काही असेल ते अशाच प्रकारचं गाव असणार, हे मी ठामपणे म्हणतो.

कोडुमणल पालघाटच्या खिंडीतून जाणाऱ्या वाटेवर आहे, म्हणजे मलबारच्या बंदरांपासून पूर्वेकडे निघालेल्या व्यापाऱ्याच्या तोंडावरच. कोइमतूरच्या परिसरात रोमन नाण्यांचे हंडे पुन्हा पुन्हा सापडले, त्याचं एक कारण बेरिल असावं असं अभ्यासक मानतात. पेरिप्लस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, एका ग्रीक खलाशाच्या वहीत मलबारहून जाणाऱ्या मालात सर्व तऱ्हेचे पारदर्शक खडे आहेत. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं पुन्नाट नावाच्या ठिकाणापुढे बेरिल मिळतो अशी नोंद केली. आणि इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेलेल्या प्लिनीनं आपल्या विश्वकोशाच्या शेवटच्या, ३७ व्या भागात बेरिलवर जे लिहिलं ते वाचताना तर तो विदूरच्या बाजारात उभा आहे असं वाटतं. बेरिल भारताबाहेर क्वचितच मिळतो. कारागीर त्याला षट्कोनी घडवतात, नाहीतर त्याचं तेज मंद राहतं. समुद्राच्या स्वच्छ हिरव्या पाण्यासारखा असेल तो उत्तम. भारतीयांना लांबोडे खडे फार आवडतात. ते त्यांना सोन्यात बसवत नाहीत, भोक पाडून हत्तीच्या केसात ओवतात. सुत्तातला दोरा आणि प्लिनीचा हत्तीचा केस मी शेजारी ठेवले आहेत. पाचू आणि बेरिल यांची जात एकच दिसते, हेही त्यानं लिहून ठेवलं, आणि ते रसायनशास्त्रानं पुढं खरं ठरवलं. बनावट बेरिलही भारतातूनच येतात, स्फटिक रंगवून. हेही त्यानं सोडलं नाही.

इथून पुढं शब्दाला अनेक पाय फुटले. पश्चिमेकडची वाट अनेकांनी चालून झाली आहे, म्हणून थोडक्यात. चष्मा निघाला तेव्हा त्याच्या भिंगाला बेरिलचं नाव मिळालं, आणि जर्मन माणूस आजही चष्म्याला ब्रिलं म्हणतो, डच माणूस ब्रिल. चमकणे या अर्थाचं इटालियन क्रियापद आणि त्यावरून आलेला ब्रिलियंट हा शब्दही बहुधा याच खड्याचा. आपल्या सराफीत पैलूदार हिऱ्याला ब्रिलियंट कट म्हणतात तेव्हा एका रत्नाच्या अंगावर दुसऱ्याचं नाव असतं.

पूर्वेकडची वाट मात्र मराठीत कुणी फारशी सांगितलेली नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर वैडूर्य मध्य आशियातून चीनला गेला आणि तिथं त्याचा लिउली झाला. भैषज्यगुरू हा जो औषधांचा बुद्ध, त्याच्या पूर्ण नावात वैडूर्यप्रभा आहे, आणि त्याचं अंग निळं रंगवतात. तिबेटात वैडूर्य म्हणजे राजवर्त हा गडद निळा दगड असं समजलं गेलं. पाचव्या दलाई लामांचा कारभारी सांग्ये ग्यात्सो यानं १७ व्या शतकाच्या अखेरीस तिबेटी वैद्यकावर जो मोठा ग्रंथ रचला त्याचं नावच निळं वैडूर्य. ज्योतिषावरचा ग्रंथ पांढरं वैडूर्य, इतिहासावरचा पिवळं वैडूर्य. चीनमध्ये हा शब्द रत्नावरून रंगीत काचेवर आणि काचेवरून चकाकत्या कौलांवर उतरला. बीजिंगच्या राजवाड्यावरची ती पिवळीधमक कौलं लिउलीची. जपानीत तो रुरी झाला, आणि एका निळ्या पाखराच्या नावात जाऊन बसला. विदूरचा फिकट हिरवा खडा असा पूर्वेकडे जाता जाता निळा, मग पिवळा झाला, आणि दर ठिकाणी लोकांना तोच खरा वाटला.

मधली वाट आपल्या घरात येते. फारसीत बिलूर, बिल्लौर म्हणजे स्फटिक, स्वच्छ काच. तोच शब्द दरबारी भाषेबरोबर दख्खनमध्ये आला आणि मराठीनं त्याचा बिलोर करून घेतला. मग बिलोरी आरसा, बिलोरी झुंबर, बिलोरी चुडा. शब्द गेला तेव्हा राजाच्या कोशातला होता. परत आला तो कासाराच्या पेटीत आणि आजीच्या कपाटात. मला यात उतरती कळा दिसत नाही. बुद्धांच्या दृष्टांतातला मण्याचा गुण, आरपार निर्मळ असण्याचा, तो पंडितांच्या वैडूर्यातून निसटला आणि बिलोरीत टिकला.

वैडूर्याचं इकडं काय झालं? रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या ग्रंथात उत्तम वैडूर्याच्या आत पांढरं उत्तरीय फिरताना दिसतं, असं लक्षण दिलं आहे. आजोबांच्या अंगठीतली ती सरकणारी रेघच. म्हणजे तोवर नाव बेरिलवरून लसण्यावर सरकलं होतं, केतूशी जोडलं गेलं होतं. रेघ उमटते ती खड्यातल्या केसाहून बारीक, एकमेकींना समांतर नळ्या आणि सुयांमुळे. त्यांवरून परतणारा उजेड आडव्या पट्ट्यात गोळा होतो, आणि म्हणून हा खडा पैलू न पाडता घुमटासारखा घासतात. त्याचं खनिज बेरिल नव्हे, क्रायसोबेरिल. ग्रीक शब्दांवरून सोनेरी बेरिल असं हे नाव युरोपात पडलं.

१७९८ मध्ये पॅरिसच्या व्होकेलँनं बेरिल आणि पाचू यांच्या पृथक्करणातून एका नव्या मूलद्रव्याचं भस्म काढलं. त्याचे क्षार गोड लागतात म्हणून फ्रेंचांनी गोडाचं नाव चालवलं, जर्मनांनी बेरिलचं, आणि अखेर बेरिलियम टिकलं. हे बेरिलियम क्रायसोबेरिलमध्येही आहे. ज्या खड्याला आपण चुकून वैडूर्य म्हणू लागलो त्याच्याही पोटात वेळुरियच्या नावाचं द्रव्य निघालं. हा योगायोग आहे, मला ठाऊक आहे. तरी प्रथम वाचलं तेव्हा मी ती जुनी अंगठी काढून दिव्याखाली धरली होती.

हा हलका, कणखर धातू आता अणुभट्ट्यांत आणि अवकाशात लागतो. २०२१ च्या नाताळात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटर रुंदीचा आरसा बेरिलियमच्या १८ तुकड्यांचा आहे, सोन्याचा मुलामा दिलेला, आणि प्रत्येक तुकडा षट्कोनी. तो धातू घडवण्याचं काम आपल्याकडे नवी मुंबईत वाशीला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संकुलात चालतं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्याबद्दल आहे.

आता लेखनाबद्दल दोन शब्द. जुनी संस्कृत पुस्तकं कधी वैदूर्य लिहितात, कधी वैडूर्य. मी पाणिनी-पतंजलीबद्दल बोलताना द ठेवला आहे, इतरत्र ड. पाली रूप लिहिताना ळ कुठंही सोडलेला नाही. लसण्याला लसण्याच म्हटलं आहे आणि बेरिलला बेरिल. दोघांना एकच नाव देऊन वाचकाला चकवणं मला नको होतं. ज्यांच्या घरी बिलोरी म्हणून काही जपून ठेवलं असेल त्यांनी ते वाचताना जवळ असू द्यावं. पहिलं प्रकरण कोडुमणलला सुरू होतं, नोय्यलच्या काठी, उन्हाळ्यात, जेव्हा पात्र कोरडं असतं आणि नांगरलेल्या शेतात पावसानं धुतलेला एखादा मणी अजूनही हाती लागतो.